पूर ओसरला, भीती का ओसरत नाही?

जुलै महिना लागला की कोल्हापूर जिल्ह्यात मोबाईलवर एक आकडा फिरू लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ज्यांचे घर उंचावर आहे त्यांच्यासाठी ही एक बातमी असते. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये हीच पातळी ५० फुटांच्या वर गेली तेव्हा ज्यांच्या उंबऱ्यातून पाणी आत आले, त्यांच्यासाठी तो नुसता आकडा राहत नाही. ३० फूट वाचले तरी छातीत धडधडते. रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की झोप उडते. घरातली माणसे म्हणतात, "अगं, अजून पाणी पात्रातच आहे. कशाला घाबरतेस?" तिलाही ते कळते. पण शरीराला ते कळत नाही.

शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांत अशी माणसे पुष्कळ आहेत. अनेक गावांत आपली वस्ती सखल भागात, ओढ्याच्या किंवा नदीच्या अंगाला. त्यामुळे पाणी आधी आपल्याकडे येते आणि शेवटी आपल्याकडून जाते. घराचे पंचनामे झाले, भांडीकुंडी पुन्हा घेतली, भिंतीला रंग दिला. मनाचा पंचनामा मात्र कोणी केला नाही. म्हणून या अंकाच्या आरोग्य पानावर आम्ही मनावरच्या जखमेविषयी आणि तिच्यावरच्या एका उपचाराविषयी लिहीत आहोत. या उपचाराचे नाव ईएमडीआर. पूर्ण नाव 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग'. सोप्या मराठीत सांगायचे तर डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने जुन्या आघाताची धार बोथट करणे आणि ती आठवण मनात नीट जागी बसवणे.

न पुसणारे दृश्य

साधी आठवण आणि आघाताची आठवण यांत फरक असतो. मागच्या वर्षीच्या लग्नातले जेवण आठवताना आपण ते आठवतो, पुन्हा जेवत नाही. आघाताची आठवण तशी नसते. ती आली की माणूस पुन्हा त्या जागी, त्या क्षणात जाऊन उभा राहतो. वास, आवाज, अंधार, पोटातला गोळा, सगळे जसेच्या तसे परत येते.

आपल्या वाचकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९१७ च्या सुमाराचा बडोद्यातला प्रसंग लिहिला आहे. परदेशातून शिकून आलेले, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेले बाबासाहेब एका पारशी धर्मशाळेत राहत होते. जात कळल्यावर हातात काठ्या घेतलेली डझनभर माणसे दारात येऊन उभी राहिली आणि त्यांना तिथून निघावे लागले. या घटनेनंतर सुमारे १८ वर्षांनी लिहिताना बाबासाहेब सांगतात की ते दृश्य अजूनही फिकट झालेले नाही आणि ते आठवले की डोळ्यांत पाणी येतेच. इथे कोणत्याही आजाराची चिठ्ठी बाबासाहेबांना चिकटवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी त्या वेदनेचे काय केले ते जगाने पाहिले. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की एवढ्या कणखर, एवढ्या विद्वान माणसाच्या मनातही असे दृश्य १८ वर्षे ताजे राहू शकते. मग आपल्या आयाबहिणींनी "विसरून जा" म्हटल्यावर विसरावे, ही अपेक्षा कशी करायची? हा मनाचा दुबळेपणा नाही. जिवावर बेतल्यावर मेंदू असाच वागतो.

डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर ताणविकार म्हणतात, त्याची लक्षणे साधारण चार प्रकारची असतात. एक, प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे येणे किंवा स्वप्नात येणे. दोन, त्याची आठवण करून देणारी जागा, माणसे, बोलणे टाळणे. तीन, स्वतःविषयी आणि जगाविषयी मन काळवंडणे. "चूक माझीच", "कोणावर विश्वास नाही" असे वाटत राहणे. चार, सतत सावध, दचकणारे, चिडणारे शरीर आणि उडालेली झोप. मोठ्या प्रसंगानंतर पहिले काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचे ते आपोआप कमी होते. महिना उलटून गेला तरी हे चालूच राहिले आणि रोजच्या कामाला, नात्यांना अडथळा होऊ लागला, तर मदत घ्यावी.

कारण पूरच असला पाहिजे असे नाही. अपघात, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, बाळंतपणातला जिवावरचा प्रसंग, जवळच्या माणसाची आत्महत्या आणि जातीवरून झालेला हल्ला किंवा बहिष्कार, या सगळ्यांतून हीच जखम होऊ शकते.

उपचार कुठून आला?

१९८७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो एका बागेत फिरत होत्या. मनात त्रासदायक विचार चालू असताना डोळे भरभर इकडून तिकडे हलले की त्या विचारांची बोच कमी होते, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी २२ जणांवर अभ्यास करून १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुरुवातीला अनेक तज्ज्ञांनी नाके मुरडली. बोट हलवून कोणी बरे होते का, असा त्यांचा सवाल होता. सवाल योग्यच होता. त्यानंतर बऱ्याच चाचण्या झाल्या. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ताणाशी संबंधित विकारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पीटीएसडी असलेल्या प्रौढांसाठी आणि मुलांसाठी दोन मानसोपचारांची शिफारस होती. एक, आघातावर लक्ष केंद्रित करणारी सीबीटी म्हणजे विचार-वर्तन उपचार आणि दुसरा ईएमडीआर.

आपल्या देशात २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर भारतीय तज्ज्ञांना या पद्धतीचे प्रशिक्षण मिळाले आणि तिथल्या शाळकरी मुलांसाठी ती वापरली गेली. मुंबईतील तज्ज्ञांचा या कामात पुढाकार होता. म्हणजे मोठ्या नैसर्गिक आपत्तीनंतर वापरण्याचा अनुभव या उपचाराला भारतातच आहे.

खोलीत नेमके काय घडते?

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, नदीकाठच्या गावातली एक ताई आहे. २०१९ च्या पुरात ती दोन लेकरांना घेऊन रात्रभर गच्चीवर होती. आता पाऊस आला की तिचे हातपाय गळतात.

तज्ज्ञ पहिल्याच दिवशी बोट हलवायला सुरुवात करत नाहीत. ईएमडीआरचे आठ टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात तिची सगळी हकीकत, आजार, औषधे, घरची परिस्थिती समजून घेतली जाते. दुसऱ्यात तयारी. घाबरे वाटले तर स्वतःला कसे शांत करायचे, हे तिला आधी शिकवतात. मनात एक सुरक्षित जागा ठरवायला सांगतात. ती माहेरच्या अंगणातली असेल, विहारातली असेल. "थांबा" म्हणायचा अधिकार तिचा आणि त्याची खूण आधी ठरलेली असते.

तिसऱ्या टप्प्यात त्या रात्रीचे सगळ्यात बोचणारे चित्र निवडले जाते. समजा, अंधारात शेवटच्या पायरीला लागलेले पाणी. त्या चित्राबरोबर स्वतःविषयी कोणते वाक्य मनात येते? "मी लेकरांना वाचवू शकत नाही." त्याऐवजी काय मानता आले तर बरे वाटेल? "मी त्यांना वाचवले, आज आम्ही सुरक्षित आहोत." हे वाक्य आत्ता किती खरे वाटते, ते १ ते ७ मध्ये सांगायचे. त्रास किती होतो, ते ० ते १० मध्ये सांगायचे. आणि तो शरीरात कुठे जाणवतो? छातीत, घशात की पोटात?

चौथा टप्पा डोळ्यांचा. ते चित्र, ते वाक्य आणि शरीरातली जाणीव मनात धरून ती तज्ज्ञांच्या हलणाऱ्या बोटांवर नजर ठेवते. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. साधारण अर्धा मिनिट. मग थांबून विचारतात, "आता काय जाणवतेय?" जे येईल ते थोडक्यात सांगायचे. रडू येईल, राग येईल, कधी भलतीच जुनी आठवण येईल. पुन्हा डोळ्यांची फेरी. त्रासाचा आकडा खाली येईपर्यंत हे चालते. काही ठिकाणी डोळ्यांऐवजी दोन्ही हातांवर आळीपाळीने हलक्या थापा किंवा दोन्ही कानांत आळीपाळीने आवाज वापरतात.

पाचव्या टप्प्यात चांगले वाक्य त्या आठवणीशी जोडून पक्के करतात. सहाव्यात डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवून शरीरात ताण उरला आहे का ते पाहतात. सातव्यात मन शांत करूनच तिला घरी सोडतात. आठवा टप्पा पुढच्या भेटीत असतो. मधल्या दिवसांत काय बदलले, काय राहिले, ते तपासायचे.

एक बैठक साधारण तास ते दीड तासाची असते. एकाच प्रसंगाचा आघात असेल तर बहुधा ६ ते १२ बैठका लागतात. लहानपणापासून वर्षानुवर्षे चाललेल्या छळाला यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. यात संमोहन नाही. माणूस पूर्ण शुद्धीत असतो. आणि एक गोष्ट आपल्या बहिणींसाठी फार महत्त्वाची आहे. जे घडले ते सगळे तपशिलाने बोलून दाखवावे लागत नाही. तोंडातून न निघणारी गोष्ट मनात धरूनही उपचार होऊ शकतो.

हे का चालते? आणि कुठे चालत नाही?

तथागतांनी कालामांना सांगितले ते आपण जाणतो. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. ईएमडीआरलाही तीच कसोटी लावू.

सर्वांत जास्त मांडले जाणारे स्पष्टीकरण असे. एका वेळी मनाला जेवढे हाताळता येते, त्याला मर्यादा असते. भीतीचे चित्र मनात धरून त्याच वेळी हलणाऱ्या बोटांकडे लक्ष ठेवायचे म्हटले की त्या चित्राला पुरेशी जागा मिळत नाही. ते फिके पडते आणि तसेच फिके होऊन पुन्हा साठवले जाते. काही संशोधक झोपेतल्या स्वप्नांच्या अवस्थेशी याचे साम्य दाखवतात. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. डोळ्यांची हालचाल खरोखर गरजेची आहे का, यावरही वाद झाला आहे. २००१ मधील एका एकत्रित आढाव्याला तिचा वेगळा फायदा दिसला नाही, तर २०१३ मधील दुसऱ्या आढाव्याला तो दिसला. पण संपूर्ण उपचाराचा पीटीएसडीत उपयोग होतो, याला चांगला आधार आहे. तो सीबीटीपेक्षा श्रेष्ठ आहे असे नाही. दोन्ही साधारण तोडीस तोड आहेत.

साध्या चिंतेच्या विकारांत, पॅनिकच्या झटक्यांत किंवा एखाद्या गोष्टीच्या अतिभीतीत ईएमडीआर वापरतात, पण तिथला पुरावा पीटीएसडीइतका भक्कम नाही. तिथे आधी सीबीटी आणि गरजेप्रमाणे औषधे, हा रस्ता जास्त चाललेला आहे. "दोन बैठकांत सगळी चिंता गायब" अशी जाहिरात दिसली तर दूर राहावे.

फिट्स येणे, डोळ्यांचे दुखणे, गरोदरपण, दारूचे व्यसन, मध्येच भान हरपणे, जीव देण्याचे विचार, यांपैकी काहीही असेल तर ते तज्ज्ञांना आधी सांगावे. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि मोबाईलवर हलणारा ठिपका पाहून घरी एकट्याने हा उपचार करू नये. जखम उघडणे सोपे असते. ती बंद करायला शिकलेला हात लागतो.

ध्यान करतो, मग उपचार कशाला?

हा प्रश्न विहारात हमखास येतो. आनापानसती आणि विपश्यनेने अनेकांना बळ मिळाले आहे, याबद्दल शंका नाही. दुःखाचे दोन बाण तथागतांनी सांगितले आहेत. पहिला बाण घटनेचा, दुसरा त्यावर मनाने मारलेला. ध्यान दुसरा बाण ओळखायला शिकवते. पण ताजा किंवा खोल आघात झालेल्या माणसाला डोळे मिटून बराच वेळ बसवले की कधी कधी तेच दृश्य अंगावर येते, श्वास कोंडतो. असे झाले तर त्याला "श्रद्धा कमी पडते" म्हणू नये. डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून थोडाच वेळ बसावे किंवा चालत ध्यान करावे आणि दीर्घ शिबिराला जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. धम्म आणि उपचार यांत भांडण नाही. बुद्धांच्या काळी जीवकासारखा वैद्य संघाची सेवा करीतच होता.

भांडण आहे ते देवऋषी, अंगारे आणि "बाहेरची बाधा" यांच्याशी. रात्री किंचाळत उठणाऱ्या सुनेला भूत लागलेले नसते. तिच्या मेंदूने त्या रात्रीचा अंधार सोडलेला नसतो. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून अशी सून मांत्रिकाकडे नेली जात असेल, तर आपल्याला स्वतःकडे पाहावे लागेल.

राग विझेल का?

चळवळीतल्या काही कार्यकर्त्यांची एक शंका आम्हाला गंभीर वाटते. अत्याचाराची वेदना उपचाराने शांत केली तर अन्यायाविरुद्धचा रागही शांत होईल का? दोष व्यवस्थेचा आणि औषध पीडिताला, असे तर होणार नाही?

याचे उत्तर कोल्हापूरच्याच मातीत आहे. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी केवळ सांत्वन केले नाही. मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगाराम यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथला चहा घेतला. न्याय, पोट आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी दिल्या. जातीने केलेली जखम केवळ बंद खोलीत बरी होत नाही, हे महाराजांना कळले होते.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला कोर्टाच्या पायऱ्या चढताना घाम फुटतो, आरोपी समोर दिसताच ज्याची वाचा बसते, त्याला न्याय मिळवणे आणखी अवघड होते. ईएमडीआर आठवण पुसत नाही. काय घडले, कोणी केले, ते लक्षात राहतेच. त्या आठवणीने शरीरावर घेतलेला ताबा कमी होतो. खटला चालू असेल तर उपचार सुरू करण्यापूर्वी वकील आणि तज्ज्ञ दोघांशी बोलावे, म्हणजे जबाबाबाबत पुढे वाद उभा राहणार नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५ अ पीडित आणि साक्षीदारांना सन्मानाची वागणूक, संरक्षण आणि पुनर्वसनाचा हक्क देते. मानसिक उपचाराची मागणी त्या हक्काचा भाग म्हणून आपण लावून धरली पाहिजे. रात्री झोपलेला माणूस सकाळी जास्त जोमाने लढतो.

कुठे जावे, काय विचारावे?

पहिली पायरी म्हणून टेली मानस या सरकारी सेवेला १४४१६ क्रमांकावर फोन करता येतो. ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये मानसोपचार विभागात दाखवता येते. तिथे ईएमडीआरबद्दल चौकशी करावी. ती जवळ उपलब्ध झाली नाही, तर आघातासाठीची सीबीटी तितकीच चालते, हे लक्षात ठेवावे.

खासगी तज्ज्ञांकडे जाताना तीन गोष्टी विचाराव्यात. नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंद असते. ईएमडीआरचे रीतसर प्रशिक्षण कुठे घेतले? आणि किती बैठका, किती फी? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. समोरच्याला जातीचा अनुभव कळत नाही, किंवा तो "असं काही आता राहिलं नाही" म्हणतो, तर तज्ज्ञ बदलावा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा जातीवरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा आणि माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क देतो.

विहारात आपण काय करू शकतो?

उपचार तज्ज्ञांचा, पण पहिला आधार आपला. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची तीन कामे सांगितली आहेत. पाहा, ऐका, जोडून द्या. पूर आला किंवा वस्तीवर हल्ला झाला, तर आधी सुरक्षित जागा, कोरडे कपडे, जेवण, हरवलेल्या माणसांचा पत्ता. मग शेजारी बसणे. "काय काय झालं ते सगळं सांग" असा आग्रह नको. बोलली तर ऐकायचे, गप्प राहिली तर गप्प बसायचे. "तुझ्यापेक्षा त्यांचं जास्त गेलं" हे वाक्य तर नकोच.

मनाला उसंत देणारी एक साधी कृती सगळ्यांना शिकता येईल. मेक्सिकोमध्ये चक्रीवादळानंतर मुलांबरोबर काम करताना १९९८ मध्ये ती पुढे आली. तिला फुलपाखराची मिठी म्हणतात. दोन्ही हात छातीवर आडवे ठेवायचे, तळवे खांद्याखाली. मग डावा, उजवा, डावा, उजवा अशा हलक्या थापा, फुलपाखराच्या पंखांसारख्या. श्वास सावकाश. एक-दोन मिनिटे पुरे. प्रसंग मुद्दाम आठवायचा नाही. हा पूर्ण उपचार नव्हे. त्रास वाढला तर थांबावे.

पुढच्या वर्षावासात ग्रंथवाचनाच्या एका संध्याकाळी अर्धा तास या विषयासाठी ठेवावा, अशी आमची विनंती आहे. फळ्यावर १४४१६ लिहून ठेवा. आणि पंचगंगेचा आकडा मोबाईलवर आला की नदीकाठच्या वस्तीतल्या एखाद्या घरी फोन करा. पाणी किती आले हे विचारून झाले की आणखी एक प्रश्न विचारा, "ताई, रात्री झोप लागते का?"